सहीआधी परिशिष्ट वाच

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

सरकारी नोकरीच्या पहिल्याच वर्षात परदेशी कंपनीच्या गुंतवणूक कराराची फाइल तुझ्या टेबलावर आली, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली.

समोरचे लोक तयारीनं येतात. गुंतवणुकीचं हेच पत्र त्यांनी आणखी दोन-तीन राज्यांना धाडलेलं असतं. कुठे जमीन किती दरानं, कुठे कराचा परतावा किती वर्षं, सगळं पाठ असतं. आपल्याला मात्र वरून एकच विचारणा होते: सह्या कधी? हिवाळी अधिवेशनाच्या आत उरका. या घाईतच आपण हरतो, बेटा.

पैसा जमिनीत उतरेपर्यंत कंपनीचं पारडं जड असतं. कारखाना उभा राहिला की तो उचलून नेता येत नाही, मग सरकारचं जड होतं. हार्वर्डच्या रेमंड व्हर्नन यांनी हे १९७१ मध्येच मांडलंय. कंपन्याही ते जाणून असतात. म्हणून पहिल्या दिवसाचं पारडं त्या वीस वर्षांसाठी कागदावर बांधून घेतात. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा १९९३ चा वीजकरार बघ. स्पर्धात्मक निविदा नाही, दर डॉलरशी जोडलेला, वीज घ्या की नका घेऊ स्थिर आकार द्यायचाच, वर राज्याची हमी आणि राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारनं तो रद्द केला, कंपनी लवादात गेली, पुन्हा बोलणी झाली आणि दुसरा टप्पाही आपल्या गळ्यात पडला. २००१ मध्ये राज्य वीज मंडळानं वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. सही केल्यावर दाखवलेला जोर महाग पडतो.

माझी चूकही सांगतो. एका करारात ‘५०० पर्यंत स्थानिकांना रोजगार’ असं होतं. मी ‘५००’ वाचलं, ‘पर्यंत’ वाचलं नाही. पुढे कंपनीनं साठ माणसं घेतली, तीही बहुतेक पहारा आणि साफसफाईला, आणि कराराप्रमाणे ते बरोबर होतं. बुटीबोरीच्या ज्या पोरांना मी ‘आयटीआय करा, काम मिळेल’ म्हणालो होतो, त्यांची तोंडं अजून आठवतात. तेव्हापासून पेन्सिल घेऊन बसतो आणि ‘पर्यंत’, ‘शक्यतो’, ‘प्रयत्न करील’ या शब्दांखाली रेघ मारतो. ‘किमान’ लिहून घे, मुदत लिहून घे, आणि काम झालं तरच परतावा, हेही.

मागायचं तेव्हा खरेदीच्या वेळीच मागावं. एअर इंडियानं ६८ बोइंग विमानं घेतली, तेव्हाच्या बोलण्यांतून आपल्या नागपूरच्या मिहान प्रकल्पातला विमानदुरुस्तीचा तळ आला. सुरू व्हायला २०१५ उजाडलं, पण तिथे विमान उघडून जोडायला शिकलेला मेकॅनिक ते कसब कुठेही घेऊन जाऊ शकतो. सवलतीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

रविवारी फाइलची नक्कल घेऊन घरी ये. मसुदा राहू दे, आधी परिशिष्टं काढू; असे शब्द तिथेच लपतात.

तुझा,
काका