दक्षिण आफ्रिकेत १६ डिसेंबरला सुट्टी का असते? तिचं नाव बदललं होतं का?

हो, आणि एकदा नाही, तीनदा!

१६ डिसेंबर १८३८ रोजी आंद्रिस प्रिटोरियसच्या नेतृत्वाखालच्या साधारण ४७० बोअर लोकांनी (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी) एन्कोमे नदीकाठी राजा डिंगानच्या हजारोंच्या झुलू सैन्याला हरवलं. बंदुका आणि तोफांपुढे भाले कितीसे टिकणार? सुमारे ३,००० झुलू मारले गेले. 'देवा, विजय दे, हा दिवस आम्ही तुझ्या नावे पाळू' असा नवस बोअरांनी लढाईआधी केला होता, असं मानतात.

१९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला आणि ही राष्ट्रीय सुट्टी ठरली, नाव 'डिंगान दिन'. म्हणजे सण जिंकणाऱ्यांचा, नाव हरलेल्या राजाचं. मग लढाईआधीच्या त्या नवसावरून १९५२ मध्ये 'करार दिन' आणि १९८० मध्ये 'शपथ दिन' झालं. ही दोन्ही नावं गोऱ्यांच्याच सोयीची.

दुसऱ्या बाजूनेही हीच तारीख उचलली. १६ डिसेंबर १९६१ ला, गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने, उमखोंतो वी सिझ्वेने, पहिले स्फोट घडवले. त्यामुळे १९९४ मध्ये ती राजवट संपल्यानंतर सुट्टी रद्द केली असती तर दोन्हीकडचे लोक दुखावले असते. मंडेला सरकारने तारीख तशीच ठेवून नाव दिलं 'सलोखा दिन'. माझ्या मते राजकारणातली ही फार शहाणी खेळी होती. १६ डिसेंबर १९९५ ला तो पहिल्यांदा पाळला गेला आणि वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाची पहिली बैठकही त्याच दिवशी झाली.