‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ घरच्यांसोबत खेळायचा तर नियम कसे सोपे करावेत?

तुमची अडचण अशी की पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा हा खेळ हौसेने आणला, पण सोबतीला नऊ वर्षांची मुलगी आणि रमी-मेंढीकोटापलीकडे न गेलेला भाऊ. नियमपुस्तक अर्धं वाचून होईस्तोवर दोघंही उठून जातात, आणि उंचीच्या नियमांपाशी तुम्ही स्वतःही अडलात. काय काढावं, काय ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे हाच खेळ लहानमोठे सगळे मिळून खेळतात, त्यामुळे आमचे घरगुती नियम सांगतो.

आधी काय काढायचं नाही ते. आपलं विमान कसं सरकणार ते दाखवणारे चालीचे पत्ते पालथे ठेवून सगळ्यांनी एकाच वेळी उलटायचे, याला हात लावू नका. २००४ मध्ये हा खेळ ‘विंग्ज ऑफ वॉर’ नावाने इटलीत आला तेव्हापासून त्याची सगळी मजा तिथेच आहे. समोरचा डावीकडे वळेल म्हणून तुम्ही डावं वळण लावता आणि तो सरळ निघून जातो! बरेच जण नवख्यांसाठी ‘आधी तू चाल, मग मी’ असं करतात. तसं केलंत तर दुसऱ्या नंबरचा खेळाडू प्रत्येक वेळी शेपटीवर जाऊन बसतो आणि हवाई लढाईचा सापशिडी होतो.

मूळ नियमात एका फेरीचे तीन पत्ते आधीच ठरवावे लागतात. नवख्याला तिसऱ्या पत्त्यापर्यंत आपलं विमान कुठे असेल याचा अंदाज येत नाही. एकच पत्ता लावू दिला तर उलट फार सोपं होतं, कारण समोरचं विमान दिसतंय तिकडे वळायचं, संपलं. आम्ही दोन ठेवतो. इमेलमान, म्हणजे विमान जागच्या जागी उलट दिशेला फिरवणारी चाल, तिच्या आधी आणि नंतर सरळ पत्ता हवा ही अट मात्र पाळायची, फेरी बदलली तरी. नाहीतर मुलं दर फेरीला इमेलमानच लावतात.

गोळीबार सोपाच आहे. खेळातल्या मोजपट्टीच्या अर्ध्या लांबीच्या आत असाल तर समोरच्याने नुकसानीचे दोन पत्ते ओढायचे, त्यापुढे पट्टी संपेपर्यंत एक. हे बदलू नका. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्ये आपल्या तुकडीला घालून दिलेल्या नियमांत जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका असं बजावलं होतं, आणि मुलांना ते दोन पत्ते न सांगताच शिकवतात. किती मार बसला ते झाकून ठेवायचं, हेही राहू द्या. भाऊ चेहरा सरळ ठेवून बसलाय आणि पुढच्या पत्त्याला त्याचं विमान पडणार आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, ही गंमत कागदावर रेघा मारून गुण मोजण्यात येत नाही.

कात्री चालवायची ती खास नुकसानीवर. स्फोटाचा पत्ता कॅटमधून काढूनच टाका. पहिल्याच गोळीला विमान फुटलं की नऊ वर्षांच्या मुलीला तुम्ही नशीब-बिशीब कितीही समजावा, पुढच्या वेळी ती खेळायला येणार नाही. सुकाणूची बिघाडी, जखमी वैमानिक, धूर यांच्या खुणा सोडून द्यायच्या, फक्त आकडा मोजायचा. बंदूक अडकली तर ती फेरी आणि पुढची पूर्ण फेरी गोळीबार बंद. सोंगट्या मोजत बसायला नको, विमानाचं कार्ड आडवं करून ठेवलं की झालं. आग लागली तर पुढच्या दोन फेऱ्यांच्या सुरुवातीला एकेक पत्ता ओढायचा. आग काढू नका. सगळे ओरडतात त्या वेळी.

आता उंची, जिथे तुम्ही अडलात. पुस्तकातला उंचीचा हिशेब, प्रत्येक विमानाचा चढण्याचा वेग वगैरे, घरच्या खेळात नकोच. पहिले काही डाव उंचीशिवाय खेळा. मग दोनच थर करा, वरचा आणि खालचा. पारदर्शक स्टँडला एक जादा खुंटी लावली की विमान वर. वर जायचं तर सरळ पत्ता लावायचा, आणि त्या चालीत गोळी नाही. खाली यायला कुठलाही पत्ता चालतो. थर वेगळे असताना फक्त अर्ध्या पट्टीच्या आतच मारता येतं, आणि तेही एकाच पत्त्याचं. वरून झेप घेऊन त्याच चालीत खालच्या थरातल्याला जवळून गाठलं तर एक पत्ता जास्त, म्हणजे तीन. ही झेप फार चटक लावते, म्हणून खाली आलेल्याला पुढची फेरी वर जायला बंदी. या एका बंदीने सगळं तोलात येतं.

विमानांचे तळ एकमेकांवर आले तर टक्कर नाही, त्या चालीत त्या दोघांनी एकमेकांवर गोळी झाडायची नाही, एवढंच. टेबलाबाहेर गेलेलं विमान एक फेरी थांबून त्याच जागेवरून आत. आणि पडलेल्याला बाहेर बसवू नका: नवीन विमान घेऊन आपल्या कडेवरून परत यायचं, दोन विमानं आधी पाडेल तो जिंकला.

पहिल्या डावासाठी ब्रिटिश सॉपविथ कॅमल आणि तीन पंखांचं जर्मन फोकर ड्रायडेकर, ही जोडी घेऊन बसतात सगळे. मी घेणार नाही. कॅमलचं इंजिन पंख्यासोबत स्वतःच गरगर फिरायचं, त्यामुळे ते विमान उजवीकडे झटकन वळायचं. खेळातही त्याच्या कॅटमध्ये उजवी वळणं जास्त तिखट आहेत. सरावलेल्या खेळाडूला ही मेजवानी, नवख्याला डोकेदुखी. त्यापेक्षा ब्रिटिश एस.ई.५ आणि जर्मन फोकर डी.७ मिळाली तर बघा. कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये एस.ई.५ए उडवत दोन आठवड्यांत १० हवाई विजय मिळवले, आणि २२ जुलैला फोकर डी.७ विमानांशी लढतानाच ते गेले. वय १९. हे सांगितल्यावर आमच्या घरी निळ्या-हिरव्या विमानांना नावं पडली आणि रॉय यांचं विमान कोण घेणार यावरून भांडणं. तुमच्याकडेही होतील, तेव्हा चिठ्ठ्या टाका.

पट्टी कोण धरणार तेही आधीच ठरवा. आमच्याकडे त्या चालीत ना मारणारा ना मार खाणारा असा जो असेल तो धरतो. दोघंच असलात तर मार खाणाऱ्याने मोजायचं, आणि अर्ध्या पट्टीच्या रेघेवर वाद झाला तर जवळचं समजायचं.