राइट्स भरू का? आधी दागिने सोडवा

वाचकाचं पत्र : वय 54, जळगावला खासगी कारखान्यात नोकरी, निवृत्तीला चार वर्षं आहेत. 2012 पासून सोनं शोधणाऱ्या एका लहान लिस्टेड कंपनीचे शेअर घेत आलो. आजवर 9 लाख 20 हजार घातले. 7,000 शेअर आहेत, भाव 100 च्या आसपास, म्हणजे किंमत 7 लाख. सोनं तिपटीहून जास्त वाढलं, पण आमचा शेअर हलत नाही. दर वर्षी 'पुढच्या वर्षी उत्पादन' ऐकतो. आता राइट्स इश्यू (जुन्या शेअरधारकांना नवे शेअर घ्यायचा हक्क) आला आहे, दोन शेअरमागे एक, 70 रुपयांनी. रेकॉर्ड डेट (त्या दिवशी शेअर ज्याच्याकडे, त्यालाच हक्क) जवळ आहे. मला साधारण अडीच लाख भरावे लागतील. पैशांची अडचण नाही. मिसेसच्या 15 तोळ्यांवर गोल्ड लोन आहेच (सध्या 8 लाख), भाव वाढल्यामुळे बँक आणखी द्यायला तयार आहे. मिसेसला थोडी कल्पना दिली आहे. मुलीचं लग्न दोन वर्षांवर आहे, तोवर शेअर तिप्पट व्हावा असं ग्रुपवरचे जाणकार सांगतात. राइट्स भरावा का? (कंपनीचं नाव गाळलं आहे.)

उत्तर :

राइट्स भरू नका. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुमचं पत्र वाचताना मी राइट्सपाशी थांबलोच नाही, 'पैशांची अडचण नाही' या वाक्यापाशी थांबलो. घरातलं 15 तोळे सोनं बँकेच्या तिजोरीत पडून आहे, त्यावर 8 लाखांचं कर्ज आहे, आणि मुलीच्या लग्नाला 24 महिने उरलेत. यालाच अडचण म्हणतात.

सोबत जोडलेले कागद पाहिले. 2021 मध्ये तुम्ही साडेचार लाख उचलले आणि सगळे या शेअरमध्ये घातले. कर्ज एका वर्षाचं, शेवटी एकरकमी फेडायचं, व्याज 11 टक्के. वर्ष संपलं की तुम्ही फेडलं नाहीत. सोन्याचा भाव चढलेला असायचा, म्हणून बँकेनं दर वेळी नव्या भावानं जास्त रकमेचं नवं कर्ज दिलं, त्यातूनच जुनं व्याज वळतं झालं. खिशातून काही गेलं नाही, म्हणून काही जातंय असं वाटलंही नाही. साडेचार लाखांचे 11 टक्क्यांनी चार वर्षांत पावणेसात लाखांच्या वर होतात. उरलेले लाख-सव्वा लाख तुम्ही मधल्या काळात पुन्हा याच शेअरमध्ये टाकलेत. म्हणजे सव्वादोन लाख रुपये नुसतं व्याज चढलं, आणि ते वहिनींच्या दागिन्यांवर चढलं. यंदाचं व्याज 88 हजार, महिन्याला सात हजारांच्या वर.

'माझी गुंतवणूक 9 लाख 20 हजार' हा तुमचा आकडाच त्यामुळे चुकीचा आहे. व्याज धरून तुम्ही साडेअकरा लाख घातलेत आणि हातात सात आहेत.

आता राइट्ससाठी आणखी अडीच लाख उचललेत असं समजा. कर्ज साडेदहा लाख. दोन वर्षांनी, लग्नाच्या वेळी, ते 12 लाख 90 हजारांच्या घरात असेल. शेअर तुमच्याकडे साडेदहा हजार, आणि राइट्सनंतर भाव 100 राहणार नाही. 100 चे दोन आणि 70 चा एक मिळून 270, भागिले तीन, म्हणजे 90. 'बाजारभावापेक्षा स्वस्त' याचा अर्थ एवढाच असतो. स्वस्ताईचे पैसे तुमच्याच जुन्या शेअरमधून वजा होतात. तो 90 चा शेअर दोन वर्षांत 123 झाला, तर सगळे विकून दागिने सुटतील, आणि हाती शून्य उरेल. 36 टक्के वाढ फक्त होतं ते परत मिळवायला! तुम्ही मात्र लग्नाचा खर्च याच शेअरवर टाकून बसला आहात.

याहून मोठा धोका पत्रात कुठेच नाही. सोन्याचा भाव उतरला तर काय? हिशेब सोपा जावा म्हणून तोळ्याला लाख धरू, म्हणजे दागिने 15 लाखांचे. पाच लाखांवरच्या गोल्ड लोनला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या 75 टक्के आहे. भाव पाव हिश्शानं पडला, तर दागिने सव्वाअकरा लाखांचे; साडेदहा लाखांचं कर्ज वर्षाच्या व्याजासह साडेअकरा लाखांच्या पुढे. दागिन्यांपेक्षा कर्ज मोठं झालं. बँकेचा फोन येईल, पैसे भरा नाहीतर लिलाव. आणि त्याच आठवड्यात तुमचा शेअर कुठे असेल? सोनं पडल्यावर सोनं शोधणाऱ्या कंपनीत नवा पैसा घालायला कुणी तयार नसतं. असे शेअर सोन्याहून जास्त पडतात आणि खालच्या सर्किटला (एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती पडू शकतो ती मर्यादा) विकतही नाहीत. तारण आणि गुंतवणूक दोन्ही एकाच भावावर टांगलेली आहेत. असं होत नाही म्हणू नका. एप्रिल 2013 मध्ये जागतिक बाजारात सोनं लागोपाठच्या दोन व्यवहार-दिवसांत 13 टक्क्यांच्या आसपास कोसळलं होतं, आणि त्या वर्षाअखेर डॉलरमध्ये पाव हिश्शाहून जास्त खाली होतं. तुम्ही तेव्हा या शेअरमध्ये होतात, जुने भाव काढून बघा.

दागिने कुणाचे, हेही बोलायला हवं. तुम्ही लिहिता, 'मिसेसला थोडी कल्पना दिली आहे.' थोडी म्हणजे किती? गोल्ड लोनच्या अर्जात कर्जदार 'हे दागिने माझ्या मालकीचे आहेत' अशी लेखी हमी देतो, आणि कर्ज एकट्या तुमच्या नावावर आहे. माहेरहून आणि लग्नात मिळालेले दागिने म्हणजे स्त्रीधन, त्यावर मालकी फक्त तिची. सर्वोच्च न्यायालयानं हे 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आणि एप्रिल 2024 च्या निकालात पुन्हा सांगितलं : नवऱ्याला अडीअडचणीला ते वापरता येतं, पण परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. शेअर घेणं ही अडीअडचण नव्हे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींना हे सगळं लिलावाच्या नोटिशीतून कळेल. या आठवड्यात त्यांच्यासमोर बसा, तारणाची पावती, कर्जाचा आकडा, शेअरची किंमत, तिन्ही दाखवा. पुढचा निर्णय दोघांचा असू द्या. दागिने त्यांचे आहेत, तेव्हा खरं तर आधी त्यांचा.

तुमच्या कागदांतल्या विमा पॉलिसीचंही सांगून टाकतो, कारण ती पाहून मला संताप आला. कर्जाच्या दुसऱ्या नूतनीकरणाला बँकेतल्या माणसानं 'लोनसोबत घ्यावी लागते' म्हणून वर्षाला 60 हजारांची 12 वर्षांची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी गळ्यात मारली. अशी कुठलीही सक्ती नसते, कर्जासोबत विमा घेणं बंधनकारक नाही. असल्या पॉलिसीतून मोठ्या मुश्किलीनं पाच-साडेपाच टक्के सुटतात, आणि विम्याचं संरक्षण जेमतेम सहा-सात लाखांचं. 11 टक्क्यांनी कर्ज काढलेल्या माणसाला पाच टक्क्यांची गुंतवणूक विकणाऱ्यानं तुमचा कागद एकदा तरी पाहिला असेल का? तीन हप्ते गेलेत. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम) लेखी मागवा, आणि चौथा हप्ता भरू नका. ते 60 हजार कर्जात जाऊ द्या.

आता शेअर का हलत नाही, हा तुमचा खरा सल. तेरा वर्षं एका गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी वेड्यात काढणार नाही. पण ज्या हिशेबावर तुमची आशा उभी आहे, तो बघा. ग्रुपवरचा मेसेज तुम्ही जोडलाय : 'जमिनीत इतके टन सोनं, आजच्या भावानं इतके हजार कोटी, मार्केट कॅप त्याच्या पावही नाही.' (मार्केट कॅप म्हणजे कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत.) जमिनीतल्या सोन्याला सराफाचा भाव लावायचा नसतो. टनाला दोन ग्रॅम सोनं असलेला दगड म्हणजे हजार किलो खडक फोडून, दळून, सायनाइडच्या द्रावणात धुऊन एका बारीक अंगठीएवढं सोनं. तेही पूर्ण निघत नाही. शिवाय तो दगड मिळवायला वरचा कितीतरी निरुपयोगी खडक उपसावा लागतो. त्यातून रॉयल्टी, जमीन, वीज, पाणी, कर्जाचं व्याज जातं. उरलं तर तुमचं. आणि कंपनीच्या पत्रकात 'इन्फर्ड रिसोर्स' लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ जमिनीत पाडलेल्या थोड्या बोअरवरून बांधलेला अंदाज. ते फायद्यात काढता येईल असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. 'रिझर्व्ह' हा वेगळा शब्द आहे, म्हणजे फायद्यात काढता येईल असं तपासून ठरलेलं सोनं; तो पत्रकात कुठे आहे का ते शोधा.

मधल्या काळात कंपनी काही विकत नाही. बोअर मारायला, प्रयोगशाळेत नमुने पाठवायला, पगारांना पैसा लागतो, आणि तो नवे शेअर काढूनच येतो. पाच कोटी शेअरची कंपनी पंधरा कोटी शेअरची झाली की खाण तीच राहते, तुमचा हिस्सा एक तृतीयांशावर येतो. सोनं तिप्पट झालं आणि तुम्ही होतात तिथेच राहिलात, यात गूढ काही नाही. राइट्स न भरल्यास तुमचा हिस्सा आणखी घटेल हे खरं. तरीही नको, कारण ते पैसे तुमचे नाहीत.

सरकारी बाजूनंही या धंद्याला भारतात सोपं गेलेलं नाही. कर्नाटकातली हट्टी सोडली तर देशात म्हणावी अशी सोन्याची खाण बरीच वर्षं नव्हती. कोलार 2001 मध्ये बंद पडली. 2015 च्या दुरुस्तीनं खाणपट्टे लिलावानं द्यायचं ठरलं. आधीपासून शोध घेणाऱ्यांचा पट्ट्यावरचा हक्क तेव्हा राखला होता, पण पट्टे पदरात पडले नाहीत आणि मार्च 2021 च्या दुरुस्तीत लोंबकळलेले बहुतेक दावे संपुष्टात आले, शोधखर्चाची भरपाई तेवढी कबूल केली. वर्षानुवर्षं बोअर मारून कंपनीनं सोनं शोधलं तरी पट्टा मिळेलच असं नव्हतं. 2023 मध्ये सोन्यासह 29 खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आला आहे, हा चांगला बदल आहे. पण त्याची फळं तुमच्या मुलीच्या लग्नाच्या मुहूर्ताआधी येणार नाहीत. खाणीला तारीख नसते, लग्नाला असते.

आता करायचं काय. रेकॉर्ड डेटनंतर राइट्सचे हक्क, ज्याला आरई म्हणतात, तुमच्या डिमॅटमध्ये जमा होतील. 2020 पासून ते शेअरसारखे एक्सचेंजवर विकता येतात. तुमचे 3,500 हक्क, वरच्या हिशेबानं प्रत्येकी 20 रुपये, म्हणजे 70 हजारांच्या आसपास. विक्रीची खिडकी इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच मिटते. ना भरले ना विकले, तर हे 70 हजार बुडाले. असंख्य लहान गुंतवणूकदार नेमके इथे चुकतात, तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

मग शेअर. असल्या शेअरला रोजचा व्यवहार कमी असतो, सगळे एकदम बाजारभावानं सोडू नका. लिमिट (याहून कमी भावाला विकू नये असा आकडा) लावून आठवडा-दोन आठवड्यांत थोडे थोडे विका. मनच होत नसेल तर 500 ठेवा, ते 45 हजार गेले तरी घर हलणार नाही. बाकी 6,500 शेअर आणि हक्क मिळून साडेसहा लाख येतील, ते थेट कर्जात. उरले दीड लाख. पॉलिसीचे 60 हजार आणि पगारातून महिन्याला आठ हजार, वर्ष-सव्वा वर्षात कर्ज संपतं, दागिने लग्नाआधी घरात. मोठी रक्कम भरताना काही दागिने लगेच सोडवता येतात का ते विचारा. नाही म्हणाले तर कर्ज बंद करून फक्त दोन-तीन तोळ्यांवर नवं घ्या. सोडवताना पावतीवरचं एकूण वजन, निव्वळ वजन आणि कॅरेट काउंटरवरच ताडून पाहा, वहिनींना सोबत न्या. जळगावकरांना वजन-काट्याचं मी सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांनुसार पूर्ण फेड झाल्यावर जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यावे लागतात, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई.

शेअरच्या विक्रीत तोटा दिसेल, बहुतेक दीर्घ मुदतीचा. आयकर विवरणपत्र मुदतीत भरलंत तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि पुढच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. तुमच्या सीएला विक्रीच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरच्या व्यवहार-पावत्या) आणि 2012 पासूनच्या खरेदीचे कागद द्या. व्याजाचे सव्वादोन लाख मात्र या तोट्यात सहसा धरता येत नाहीत, ते गेले.