फिलिप ग्लास हे मोठे संगीतकार होण्याआधी खरंच टॅक्सी चालवत होते का?

हो, आणि नाव झाल्यावरही चालवत होते. १९७६ मध्ये ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, तिकिटं संपली, तरी निर्मितीचं कर्ज डोक्यावर राहिलं. त्यामुळे पुन्हा टॅक्सी. त्याआधी प्लंबिंगची कामंही केली होती. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. संगीतावर पोट भरू लागलं ते चाळिशी ओलांडल्यावर, नेदरलँड्समधून ‘सत्याग्रह’चं काम मिळालं तेव्हा. (गांधीजींवरचा हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला, त्यातले शब्द भगवद्गीतेतले, थेट संस्कृतात!) मात्र ‘टॅक्सीवाला संगीतकार झाला’ असं समजू नका. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेतलं शिक्षण आणि पॅरिसला प्रसिद्ध संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांची कडक तालीम आधीच झाली होती.