घरी आधीपासून एक ससा आहे. दुसरा आणला तर दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुमची मादी दीड वर्षाची आहे, दिवसभर एकटी असते म्हणून तिला सोबत आणायची आहे, आणि पिंजरा मोठा असल्यामुळे नवीन ससा त्यातच सोडायचा विचार आहे. कृपा करून तसं करू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

आमची ठमी तेव्हा दोन वर्षांची होती. दुकानदार म्हणाला, "दोन्ही माद्याच आहेत, ठेवा बिनधास्त." घरी आल्या आल्या नवीन ससा तिच्या पिंजऱ्यात सोडला. अर्ध्या मिनिटात दोघं एकमेकांना धरून गरगर फिरत होते, केसांचे पुंजके उडत होते. मी मध्ये हात घातला तर मलाच खोल चावा बसला. नव्याच्या डाव्या कानाचा तुकडा गेला, ती खाच अजून दिसते. डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं की ती मादी नसून नर आहे! मग त्याचं नाव बाळ्या ठेवलं.

ठमीचा यात काही दोष नव्हता. पिंजरा म्हणजे तिची हद्द. हनुवटी घासून, लेंड्या टाकून तिने कोपरान् कोपरा आपला केलेला असतो. तिच्या लेखी तिथे सोबती आला नव्हता, घुसखोर आला होता.

म्हणून आधी नर-मादी डॉक्टरांकडूनच ओळखून घ्या. पिल्लांमध्ये भलेभले चुकतात. मग दोघांचीही नसबंदी, नराची साधारण चार महिन्यांनंतर आणि मादीची सहा महिन्यांच्या आसपास. ऑपरेशननंतरही नरापासून सुमारे सहा आठवडे गर्भ राहू शकतो, तोवर त्यांना एकत्र आणू नका. सशाची मादी ३०-३१ दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा किंवा सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा. सशाला ओकारी होत नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. "रात्रीपासून काही देऊ नका" असं कोणी सांगितलं, तर त्यांनी सशाचं ऑपरेशन आधी केलंय का, हे नक्की विचारा.

नवीन ससा आणला की पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत. खरूज, सर्दी, जुलाब काही असेल तर तेवढ्यात बहुधा दिसून येतं. नंतर दोन पिंजरे शेजारी शेजारी, पण मध्ये वीतभर जागा सोडून, कारण जाळीतूनही नाक-बोटं चावली जातात. आम्ही रोज सकाळी याची चादर तिच्याकडे आणि तिची याच्याकडे टाकायचो. चार-पाच दिवसांनी पिंजरेच अदलाबदल केले. ठमी आधी पाय आपटायची, मग हळूहळू जाळीकडे पाठ करून निवांत पसरायला लागली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

प्रत्यक्ष भेट मात्र जिथे दोघांपैकी कोणीच कधी फिरलं नाही अशा जागी घडवा. आम्ही शेजारच्या काकूंच्या खोलीत सतरंजी टाकली, कारण फरशीवर सशांचे पाय घसरतात आणि ते आणखी घाबरतात. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. थोडा पाठलाग, अंगावर चढणं, केस ओढणं चालतं. कान मागे चिकटवून, शेपटी उभारून एकमेकांभोवती फिरायला लागले, की लगेच मध्ये जाड टॉवेल टाका, उघडा हात नको. कोणी तोंडाच्या बाजूने चढत असेल तरीही लगेच उतरवा, तो चावा भलत्या जागी बसतो. मधोमध सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवली की दोघं एकाच वेळी खायला लागतात, आमची निम्मी लढाई तिथेच जिंकली. सतराव्या दिवशी ठमीने डोकं खाली घातलं आणि बाळ्याने तिचं कपाळ चाटलं.

आता नागपूरचं म्हणून खास सांगते. हे काम उन्हाळ्यात काढू नका. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांतून टाकतो आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास व्हायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नेहमीची गोष्ट, त्यात पाठलाग झाला तर जीवच जायचा. उन्हाळाभर पिंजरे कूलरच्या खोलीत शेजारी राहू द्या आणि भेटी दिवाळीनंतर सुरू करा. या सगळ्या दिवसांत दोघांच्या लेंड्यांवर लक्ष ठेवा. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

सलग दोन दिवस तुमच्या नजरेखाली भांडण न होता राहिले, की पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, आतली मांडणी बदलून दोघांना एकदमच आत सोडा. गवताच्या, पाण्याच्या जागा दोन-दोन असू द्या. आणि पुढे कधी एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तर दोघांना न्या. एकटा परतलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन येतो आणि दुसरा त्याला ओळखत नाही. मागच्या महिन्यात ठमीचे दात दाखवायला नेले, तेव्हा बाळ्याही त्याच टोपलीत तिला टेकून बसला होता.