लाकडाला एक बिट, अ‍ॅक्रिलिकला दुसरे

प्रश्न : मी खानापुरात लहान लेथवर पेने तयार करतो. सागवान आणि शिसव यांचे तुकडे बरे भोकतात. पण अ‍ॅक्रिलिकच्या (कडक प्लास्टिकच्या) तुकड्यातून भोक पाडायचे बिट पलीकडे बाहेर पडताना कडेचा टवका उडतो. शिवाय हल्ली ७ मिमीच्या भोकात पेनाच्या आतली पितळी नळी सैल बसते. दोन्हींसाठी एकच बिट वापरतो. नवे घ्यावे की जुन्यालाच धार लावावी?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. नळी सैल बसण्याचे बहुधा कारण असे की, हाताने ग्राइंडरवर धार लावताना बिटाच्या दोन धारांपैकी एक दुसरीपेक्षा लांब राहते, टोक मध्यापासून सरकते आणि भोक बिटाच्या व्यासापेक्षा मोठे पडते. माझ्याही सुरुवातीच्या कितीतरी नळ्या अशाच सैल बसल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे : भोक पाडताना किस बिटाच्या दोन्ही पिळदार खाचांतून सारखा यायला हवा, एकाच खाचेतून येत असेल, तर दुसरी धार काम करत नाही. नेहमीच्या बिटाच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, म्हणजे प्रत्येक धार अक्षाशी ५९ अंशांवर हवी, आणि धारेमागची बाजू १० ते १२ अंश उतरती हवी; ती उतरती नसेल तर बिट कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते. हात बसेपर्यंत, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या ओळखीच्या यंत्रशाळेत टूल-ग्राइंडर (हत्यारांना ठरावीक कोनात धार लावणारे यंत्र) असेल तर तिथून एकदा धार लावून आणावी आणि ते बिट नमुना म्हणून जपून ठेवावे.

मधोमध सुईसारखे टोक आणि कडेला दोन दाते असलेले बिट लाकडासाठी उत्तम मानले जाते, कारण दाते आडवे तंतू आधी कापतात. पेनाच्या तुकड्यात मात्र आपण तंतूंच्या दिशेनेच भोक पाडतो, त्यामुळे त्या दात्यांचा फारसा लाभ होत नाही. माझ्या मते नीट धार लावलेले साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट पुरेसे आहे. खानापूरच्या पावसाळ्यात ओलावलेले लाकूड मात्र पूर्ण सुकल्याशिवाय भोकू नये.

अ‍ॅक्रिलिकची गोष्ट निराळी. लाकडासाठी लावलेली तीक्ष्ण धार त्यात स्क्रूसारखी स्वतःला आत ओढून घेते आणि बाहेर पडताना कड फोडते. म्हणून एक बिट वेगळे काढावे, त्याचे टोक ९० अंशांच्या आसपास निमुळते करावे आणि बारीक तेलाचा दगड खाचेतल्या बाजूने अक्षाला समांतर धरून प्रत्येक धारेवर तीनचार हलके हात फिरवावेत, म्हणजे धारेला अरुंद सपाटी येते आणि ती ओढण्याऐवजी खरवडते. हे बिट लाकडात नीट चालणार नाही, म्हणून त्याच्या दांड्याला रंगाची खूण करावी. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे वेग लाकडाच्या निम्म्याने ठेवावा, दर काही मिलिमीटरला बिट बाहेर काढून किस झटकावा आणि साबणाच्या पाण्याचा थेंब द्यावा.

तरीही टवके उडत असतील, तर तुकडा १ सेंमी जास्त लांब ठेवून बिट पलीकडे निघण्यापूर्वीच थांबावे आणि उरलेले टोक करवतीने कापून टाकावे. नवे बिट घ्यायचेच असेल, तर ते अ‍ॅक्रिलिकसाठी घडवण्याकरिता घ्यावे. जुने लाकडाला पुष्कळ चालेल.