मॉनिटरवर ठिपके लुकलुकतात? आधी ते कुठून येतात ते बघा

प्रश्न: वापरलेला २४ इंची मॉनिटर घेतला. पांढऱ्या पानावर काही जाणवत नाही, पण काळ्या चित्रावर हिरवे-गुलाबी बारीक ठिपके चमचमतात. एका जागी थांबतही नाहीत. पॅनेल गेलं का? परत करून टाकू?

थांबा, इतक्यात परत करू नका. ठिपके एका जागी थांबत नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पॅनेलवरचा, म्हणजे खुद्द पडद्यावरचा पिक्सेल (चित्राचा एक सूक्ष्म ठिपका) बिघडला तर तो आपली जागा सोडत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा ट्रान्झिस्टर असतो. तो खराब झाला की ठिपका तिथेच दिसतो, काल जिथे होता तिथेच आज. तुमचे ठिपके फिरतात, म्हणजे बिघाड बहुधा पडद्यात नाही, पडद्याकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे.

एचडीएमआय केबलमध्ये चित्राची माहिती तारांच्या तीन जोड्यांमधून जाते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी, ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) एकेका जोडीतून सेकंदाला जवळजवळ १४८ कोटी बिट धावतात. केबल थकलेली असली किंवा पिन नीट टेकत नसली, की त्यातला एखादा बिट चुकीचा वाचला जातो. तेवढ्या एका पिक्सेलला सेकंदाच्या साठाव्या भागापुरता भलताच रंग मिळतो, आणि आपल्याला चमचम दिसते. काळ्यावर ती लगेच डोळ्यात भरते.

खात्री करायला मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. हा मेन्यू मॉनिटरच्या आतल्या सर्किटमध्ये तयार होतो, केबलमधून येत नाही. म्हणून ठिपके मेन्यूच्या भोवती नाचत असतील आणि मेन्यूच्या चौकटीत एकही नसेल, तर दोष केबल, पोर्ट किंवा कॉम्प्युटरचा. चौकटीच्या आतही ठिपके दिसले, तर दोष मॉनिटरच्या पोटात. काही मॉनिटरवर मेन्यू अर्धपारदर्शक असतो. तो सेटिंगमधून आधी अपारदर्शक करा, नाहीतर मागचं चित्र आरपार दिसून फसगत होते.

यानंतर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणून बघा. ६० हर्ट्झला केबलमधून जाणाऱ्या माहितीचा वेग बरोबर निम्मा होतो. तेवढ्यावर ठिपके गायब झाले, तर केबलवरचा संशय पक्का. मधला अ‍ॅडॉप्टर काढून टाका आणि शक्य तितकी आखूड, दुसरी केबल लावा. केबल बदलूनही ठिपके राहिले, तर स्क्रीनशॉट घेऊन तो फोनवर उघडा. ठिपके त्यातही असतील, तर ते कॉम्प्युटरच तयार करतोय, ग्राफिक्स कार्ड तपासायला हवं.

एकदा माझ्याकडे असाच मॉनिटर आला होता. केबलचं तोंड बॅटरीच्या उजेडात धरलं, तर पत्र्याची चौकट एका कोपऱ्यात चेपलेली होती आणि पोर्टमध्ये धुळीचा करडा गोळा दाबून बसला होता. मॉनिटर बंद करून, प्लग काढून धूळ साफ केली, केबल बदलली, आणि पडदा स्वच्छ झाला. चांगले मॉनिटर केवळ केबलपायी भंगारात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच हे उत्तर इतकं लांबलं.

प्रश्न: माझ्या पडद्यावर उजवीकडे एकच लाल ठिपका आहे. जागा ठरलेली, पण मधूनच लुकलुकतो. अंगठ्याने दाबून बरा होतो म्हणतात, खरं का?

हा अडकलेला उपपिक्सेल आहे, आणि तो लुकलुकतोय म्हणजे अजून पुरता मेलेला नाही. कायम काळा असता तर आशा सोडायला सांगितलं असतं. त्या जागेवर भराभर रंग बदलणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. ते काही तास चालवून बघा. कधी गुण येतो, कधी येत नाही. भराभर रंग बदलताना बघवत नाही, तेव्हा खिडकी त्या ठिपक्याएवढी लहान ठेवा.

दाबण्याच्या मात्र मी विरोधात आहे. एक ठिपका घालवताना काचेमागच्या थराला इजा होऊन शेजारचे चार बिघडायला वेळ लागत नाही. आणि एवढं लक्षात असू द्या: पिक्सेलदोषांच्या आयएसओ ९२४१-३०७ या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले, २ कायम काळे आणि ५ सदोष उपपिक्सेल चालतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाखांहून जास्त पिक्सेल असतात. त्या हिशेबाने नवा मॉनिटरही एका ठिपक्यासह येऊ शकतो.

प्रश्न: सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं अख्खा पडदा फडफडतो, मग शांत होतो. मेन्यूही फडफडतो. घरीच उघडून बघू का?

अजिबात उघडू नका. मेन्यूही फडफडतो, म्हणजे केबल निर्दोष. थंड असताना त्रास आणि तापल्यावर आराम, हे पॉवर बोर्डवरच्या (वीजपुरवठ्याच्या सर्किटवरच्या) जुन्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांचं, नेहमीचं लक्षण. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यातलं रसायन सुकत जातं, काहींची डोकी फुगतात. बोर्ड गरम झाला की ते तात्पुरते कामाला लागतात. बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो, म्हणून हे काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याचंच. त्याला सगळी लक्षणं सांगा, विशेषतः थंड-गरमचा फरक.

पुढे कधी पडदा पूर्ण काळा झाला, तर अंधारात बॅटरीचा उजेड तिरका मारून बघा. पुसट चित्र दिसलं, तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा प्रकाश गेलाय. मॉनिटर दुरुस्तीला नेताना हे माहीत असलं तर उपयोग होतो.

प्रश्न: जुन्या व्हीजीए केबलवर अक्षरांच्या कडा थरथरतात.

पडद्याचं मूळ रिझोल्यूशन ठेवा आणि ‘ऑटो’ बटण दाबा. ते दाबताना पडद्यावर बारीक अक्षरांचं भरलेलं पान असू द्या, काळ्या पडद्यावर मॉनिटरला अंदाज येत नाही. तरी थरथर राहिली, तर मेन्यूतलं ‘फेज’ हे सेटिंग एकेक घर पुढे-मागे करा. एचडीएमआयसारखं डिजिटल पोर्ट असेल, तर व्हीजीए सोडाच.

प्रश्न: गडद करड्या रंगावर नाक लावून पाहिलं, की मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. हाही बिघाड का?

नाही, तुमचा मॉनिटर धडधाकट आहे. अनेक पॅनेल प्रत्येक रंगाच्या ६४ छटाच खऱ्या दाखवू शकतात, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. मधल्या छटांसाठी ते शेजारच्या दोन छटा झपाट्याने आलटून पालटून दाखवतात, आणि दुरून डोळा त्यांची सरासरी घेतो. हाताच्या अंतरावर बसा, मुंग्या दिसणार नाहीत.

प्रश्न: एक उभी रेघ येते-जाते. वरची चौकट चिमटीत दाबली की नाहीशी होते. विकणारा म्हणतो, किरकोळ आहे.

किरकोळ नाही. पॅनेलच्या काठाला चिकटवलेल्या पातळ पट्टीतून प्रत्येक रकान्याला सिग्नल मिळतो. ती पट्टी सुटत चालली आहे, म्हणून दाबलं की टेकते आणि सोडलं की उठते. हा जोड उष्णता आणि दाब देऊन यंत्रावर बसवलेला असतो, घरी बसवता येत नाही. एकीच्या शेजारी दुसरी रेघ यायला लागते. अजून परत करण्याची मुदत असेल तर आजच परत करा, आणि चौकट न दाबता रेघ दिसतेय असा फोटो आधी काढून ठेवा.